मूल्य कोणी ठरवावे? : रिलॅक्स एनजीच्या माहिती-प्रकार इंटरफेसची सातबाराच्या कसोटीवर चिकित्सा

प्रास्ताविक

दस्तऐवजात नोंदविलेली माहिती योग्य आहे किंवा नाही याची तपासणी संगणकाकडे सोपवावयाची झाल्यास दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. पहिला प्रश्न रचनेचा होय. कोणता घटक कोणत्या घटकाच्या पोटात यावा, किती वेळा यावा आणि कोणत्या क्रमाने यावा, हे त्यात पाहिले जाते. दुसरा प्रश्न मूल्याचा होय. घटकामध्ये जे लिहिले आहे ती संख्या आहे, दिनांक आहे, क्षेत्रफळ आहे की केवळ मजकूर आहे, आणि तसे असल्यास ते तसे म्हणून ग्राह्य आहे काय, हे त्यात पाहिले जाते. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल ही खुणांची भाषा प्रमाणित झाली, तेव्हा तिच्यासोबत आलेल्या डीटीडी या पद्धतीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी दिले. दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र ती जवळजवळ मौन होती. पुढील काळात हे मौन दोन भिन्न मार्गांनी भंगले. त्यांपैकी एका मार्गाची, म्हणजे रिलॅक्स एनजीसाठी जावा भाषेत तयार झालेल्या माहिती-प्रकार इंटरफेसची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंटरफेसची चिकित्सा केवळ त्यातील पद्धतींची नावे मोजून होत नाही. आपल्या व्यवहारातील एखादी अवघड नोंद त्याच्यापुढे ठेवून तो काय करू शकतो व काय करू शकत नाही, हे पाहावे लागते. यासाठी येथे सातबारा उताऱ्यावरील नोंदींची निवड केली आहे. ही निवड केवळ कसोटी म्हणून आहे. शासनाच्या संगणक प्रणालीची अंतर्गत रचना अशीच आहे असा दावा येथे नाही.

कसोटीचे स्थळ म्हणून दिघीचा विचार उद्बोधक ठरतो. हवेली तालुक्यातील हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. एकीकडे संरक्षण संशोधनाची आस्थापना आणि १९९४ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, तर दुसरीकडे शेतजमिनींचे तुकडे पडून उभी राहिलेली दाट वस्ती, असे या परिसराचे दुहेरी रूप आहे. येथे जमिनीची भाषा एकर-गुंठ्यांची, हेक्टर-आरची आणि चौरस फुटांची अशी तिहेरी आहे. संगणकशास्त्र शिकविणाऱ्या वर्गापासून हाकेच्या अंतरावर माहिती-प्रकारांचे हे जिवंत उदाहरण उपलब्ध असताना पाठ्यपुस्तकातील पुस्तक-विक्रेत्याच्या बिलावरच अभ्यास थांबावा, हे योग्य वाटत नाही.

दोन मार्ग

पहिला मार्ग डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा. २ मे २००१ रोजी तिने एक्सएमएल स्कीमाची शिफारस प्रसिद्ध केली. तिचा दुसरा भाग संपूर्णपणे माहिती-प्रकारांना वाहिलेला आहे. त्यात १९ मूळ प्रकार, त्यांपासून साधलेले २५ प्रकार आणि त्यांवर लादता येणारे १२ निर्बंध दिलेले आहेत. या शिफारशीची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे लिखित रूप आणि मूल्य यांतील भेद. 'एक', 'एक पूर्णांक शून्य' आणि 'शून्य-एक' ही तीन लिखित रूपे असली तरी दशांश संख्या म्हणून त्यांचे मूल्य एकच आहे, ही दृष्टी तिने शिस्तीने मांडली. परंतु २००१ च्या आवृत्तीत वापरकर्त्याला नवा मूळ प्रकार निर्माण करण्याची मुभा नव्हती. असलेल्या प्रकारांवर निर्बंध घालणे, त्यांची यादी करणे किंवा त्यांचा संयोग करणे, एवढेच त्याच्या हाती होते.

दुसरा मार्ग रिलॅक्स एनजीचा. जेम्स क्लार्क यांची ट्रेक्स आणि मुराता माकोतो यांची रिलॅक्स या दोन भाषांच्या मीलनातून ती निर्माण झाली. ओॲसिस या संस्थेने ३ डिसेंबर २००१ रोजी तिची व्याख्या प्रसिद्ध केली आणि २००३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. या भाषेत अंगभूत प्रकार केवळ दोन आहेत, 'स्ट्रिंग' आणि 'टोकन'. बाकी सर्व प्रकार बाहेरच्या लायब्ररीकडून यावेत आणि त्या लायब्ररीची ओळख एका यूआरआयने पटावी, असे तिचे धोरण आहे. व्याकरण लिहिणाऱ्याने रचना सांगावी आणि मूल्याचा निवाडा त्या मूल्याच्या जाणकारावर सोपवावा, असा या धोरणाचा अर्थ होतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, हे धोरण तत्त्वतः योग्य आहे आणि मराठी व्यवहारातील नोंदींच्या बाबतीत तर ते अपरिहार्य आहे. मात्र त्यासाठी घडविलेला इंटरफेस मूल्य ओळखण्यापाशी थांबतो, ओळखलेले मूल्य पुढे पोहोचवीत नाही, आणि हीच त्याची खरी मर्यादा आहे. वरवर पाहता जी उणीव प्रथम जाणवते, म्हणजे संदर्भाची कृपणता, ती प्रत्यक्षात उणीव नाही.

इंटरफेसची रचना

जेम्स क्लार्क आणि कोहसुके कावागुची यांनी सिद्ध केलेला हा इंटरफेस आकाराने लहान आहे. त्याच्या केंद्रस्थानी 'डेटाटाइप' ही संकल्पना असून तिला मुख्यतः तीन प्रश्न विचारता येतात. दिलेले लिखित रूप वैध आहे काय, हा पहिला. वैध असल्यास त्याचे मूल्य-रूप कोणते, हा दुसरा. आणि दोन मूल्ये समान आहेत काय, हा तिसरा. प्रकार निर्माण करण्यासाठी स्वतंत्र 'बिल्डर' असून त्यास किमान, कमाल यांसारखे निर्बंध नाव व मजकूर अशा जोडीने दिले जातात. त्या निर्बंधांचा अर्थ लावण्याची जबाबदारी संपूर्णतः लायब्ररीची आहे. यूआरआयवरून योग्य लायब्ररी शोधून देण्यासाठी एक 'फॅक्टरी' आहे. याशिवाय मजकूर तुकड्यातुकड्यांनी आला तरी तपासता यावा म्हणून प्रवाही तपासनीसाची सोय केलेली आहे.

तपासणीच्या वेळी प्रकाराला बाहेरच्या जगाविषयी काय कळते, हेही येथे मर्यादित ठेवले आहे. नामावकाशाच्या उपसर्गाचा अर्थ, दस्तऐवजाचा मूळ पत्ता, आणि एखादे नाव न-वाचलेल्या एंटिटीचे किंवा नोटेशनचे आहे काय, एवढ्या चारच गोष्टी त्यास विचारता येतात. शेजारच्या घटकात काय लिहिले आहे, हे त्यास विचारता येत नाही.

या रचनेची उपयुक्तता सिद्ध करणारे एक उदाहरण येथे नोंदविणे आवश्यक आहे. फिनलंडमधील हेन्री सिवोनेन यांनी एचटीएमएल ५ च्या तपासणीसाठी उभारलेल्या प्रणालीत जेम्स क्लार्क यांच्याच 'जिंग' या तपासनीसाचा आधार घेतला आणि एचटीएमएलला लागणारे खास प्रकार स्वतंत्र लायब्ररी म्हणून याच इंटरफेसद्वारे जोडले. ज्या प्रकारांची कल्पना २००१ मध्ये कोणासही नव्हती, ते मूळ भाषेस धक्का न लावता तिच्यात सामावले गेले. खुल्या धोरणाचे याहून स्पष्ट समर्थन दुसरे नसावे.

पहिली कसोटी : अंक

मराठी दस्तऐवजात '२०५' असे लिहिले असता एक्सएमएल स्कीमाचा पूर्णांक हा प्रकार ते नाकारतो. कारण त्याच्या व्याख्येनुसार अंक म्हणजे केवळ युनिकोडमधील ४८ ते ५७ या क्रमांकांची चिन्हे. देवनागरी अंकांची चिन्हे २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर आहेत. गंमत अशी की, त्याच शिफारशीतील नमुना-भाषेत 'कोणताही अंक' दर्शविणारी खूण मात्र सर्व लिप्यांचे अंक स्वीकारते. म्हणजे नमुना देवनागरी अंकास अंक मानतो आणि संख्या-प्रकार मानीत नाही.

या निर्बंधाचे समर्थन करता येते. दस्तऐवज देवाणघेवाणीसाठी आहे, दर्शनासाठी नाही. दर्शनाच्या वेळी अंक देवनागरीत दाखविण्याची सोय १९९९ च्या एक्सएसएलटीमध्ये शून्याचे चिन्ह बदलून करता येते, असा तो युक्तिवाद होय. भारतीय संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदानेही संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारलेले आहे. तथापि, दस्तऐवज स्वतःच पुरावा असतो तेव्हा हा युक्तिवाद लंगडा पडतो. डिजिटल स्वाक्षरी मजकुरातील चिन्हांवर होते, त्यांच्या अर्थावर नव्हे. स्वाक्षरी झालेल्या मजकुरातील एक देवनागरी अंक बदलून त्या जागी आंतरराष्ट्रीय अंक ठेवला, तर मूल्य तेच राहूनही स्वाक्षरी अवैध ठरते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. अशा कागदाच्या बाबतीत जे लिहिले आहे तेच, लिहिले आहे त्याच रूपात तपासणे भाग आहे.

रिलॅक्स एनजीच्या इंटरफेसमध्ये हे शक्य होते. देवनागरी अंकांतील पूर्णांक हा प्रकार स्वतंत्र लायब्ररीत लिहिता येतो आणि त्याचे मूल्य-रूप साध्या संख्येत देता येते. परंतु येथे सावधगिरी आवश्यक आहे. जावाची पूर्णांक वाचण्याची अंगभूत क्रिया सर्व लिप्यांचे अंक स्वीकारते. एकाच संख्येत दोन लिप्यांच्या अंकांची सरमिसळ झाली तरी ती तक्रार करीत नाही. गुजराती शून्य आणि देवनागरी शून्य डोळ्यांना सारखेच दिसतात. देवनागरीतील संक्षेप-चिन्हही शून्यासारखेच दिसते, मात्र ते अंक नाही. वेळ लिहिताना अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टंकलिखित होणे ही तर नित्याची बाब आहे. हे सर्व भेद मराठी टंकलेखन जाणणाऱ्यासच ठाऊक असतात. मूल्याचा निवाडा जाणकाराकडे सोपवावा या तत्त्वाचे मर्म येथे प्रत्ययास येते.

दुसरी कसोटी : क्षेत्रफळ

सातबारावरील शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर अशा तीन भागांत लिहिले जाते. '१.२०.००' म्हणजे १ हेक्टर २० आर. यात दोन बिंदू असल्याने ही दशांश संख्या नव्हे. शेवटचा भाग गाळून '१.२०' असे लिहिले तर ती दशांश संख्येसारखी दिसते आणि १ हेक्टर म्हणजे १०० आर असल्याने योगायोगाने तिचे मूल्यही जुळते. पण हाच योगायोग घातक आहे. एखाद्याने १ हेक्टर ५ आर या अर्थाने '१.५' असे लिहिले, तर दशांश प्रकार ते विनातक्रार स्वीकारतो आणि त्याचा अर्थ १ हेक्टर ५० आर असा लावतो. दोहोंतील फरक ४५ आर, म्हणजे एक एकराहून अधिक.

जुन्या एकर-गुंठ्यांच्या नोंदीत तर योगायोगाचाही आधार नाही. १ एकर २० गुंठे म्हणजे दीड एकर. कारण ४० गुंठ्यांचा एकर होतो. हीच नोंद दशांश समजून १.२० एकर अशी वाचली, तर ती १ एकर ८ गुंठे होते. १२ गुंठे, म्हणजे १३,०६८ चौरस फूट जमीन केवळ प्रकार चुकल्याने नाहीशी होते. दिघीसारख्या उपनगरात, जेथे व्यवहार एक-दोन गुंठ्यांचे होतात, तेथे ही चूक अनेक कुटुंबांच्या घरांएवढी आहे.

एक्सएमएल स्कीमात ही नोंद नमुना घातलेला मजकूर म्हणून तपासता येईल. परंतु मग '१.२०' आणि '१.२०.००' ही दोन भिन्न मूल्ये ठरतील, आणि किमान-कमाल मर्यादा लावता येणार नाही. हेक्टर, आर व चौरस मीटर यांचे तीन स्वतंत्र घटक करावेत, हा पर्याय नव्या दस्तऐवजासाठी निश्चितच चांगला आहे. मात्र आधीच लिहिल्या गेलेल्या नोंदींना तो लागू पडत नाही. याउलट रिलॅक्स एनजीच्या लायब्ररीत आर आणि चौरस मीटर हे भाग दोन अंकीच असावेत असा नियम करून '१.५' नाकारता येते, तसेच '१.२०' व '१.२०.००' या दोहोंचे मूल्य १२,००० चौरस मीटर ठरवून ती समान आहेत असे सांगता येते. समानतेचा प्रश्न वैधतेच्या प्रश्नापासून वेगळा काढण्याचे शहाणपण येथे दिसते.

हेच शहाणपण उलट्या दिशेनेही उपयोगी पडते. सर्व्हे नंबर ५ चा हिस्सा १ आणि हिस्सा १० हे भिन्न तुकडे आहेत. ही नोंद दशांश मानली तर ती समान ठरते, आणि भागाकार मानली तर निरर्थक ठरते. ती संख्या नसून नाव आहे, हे सांगण्याचा अधिकार येथे लायब्ररीला मिळतो.

तिसरी कसोटी : संदर्भ

२०२० मध्ये सातबाराच्या नमुन्यात सुधारणा झाली. त्यानुसार शेतीच्या क्षेत्रासाठी हेक्टर, आर, चौरस मीटर आणि बिनशेती क्षेत्रासाठी आर, चौरस मीटर ही एकके ठरली. म्हणजे '१२.५०' ही नोंद शेतीच्या उताऱ्यावर १२ हेक्टर ५० आर, तर बिनशेती उताऱ्यावर १२ आर ५० चौरस मीटर होईल. एकाच लिखित रूपाच्या मूल्यात शंभर पटींचा फरक पडतो आणि तो ठरविणारी माहिती शेजारच्या घटकात असते.

प्रकारास शेजारचा घटक विचारता येत नाही, ही या इंटरफेसची मोठी त्रुटी आहे असे येथे प्रथमदर्शनी वाटते. विचारांती मात्र मत बदलावे लागते. शेती आणि बिनशेती हे दोन स्वतंत्र प्रकार करावेत आणि जमिनीच्या वर्गानुसार त्यांपैकी कोणता लागू करावयाचा हे व्याकरणाने ठरवावे, हीच योग्य विभागणी होय. रिलॅक्स एनजीचे व्याकरण गुणधर्माच्या मूल्यानुसार पुढील रचना निवडू शकते, त्यामुळे हे सहज साधते. एक्सएमएल स्कीमाच्या मूळ आवृत्तीत ही सोय नव्हती. ५ एप्रिल २०१२ रोजी आलेल्या १.१ आवृत्तीत सशर्त प्रकार-निवड आली. प्रकारास सर्व दस्तऐवज पाहण्याची मुभा दिली असती, तर त्याचा निवाडा जागेनुसार बदलला असता आणि तो स्वतंत्रपणे पारखणे अशक्य झाले असते. संदर्भाची ही कृपणता हेतुपुरस्सर आहे आणि योग्यही आहे.

मर्यादा

असे असले तरी या इंटरफेसच्या तीन मर्यादांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पहिली मर्यादा ओळख-प्रकारांची. एखादा प्रकार ओळखक्रमांक आहे किंवा ओळखक्रमांकाचा निर्देश आहे, हे सांगण्याची सोय इंटरफेसमध्ये आहे, पण ती डीटीडीच्या काळातील कल्पनेवर बेतलेली आहे. त्या कल्पनेनुसार ओळख संपूर्ण दस्तऐवजात एकमेव असते. सर्व्हे नंबर मात्र गावापुरता एकमेव असतो. दिघीचा, भोसरीचा आणि चऱ्होलीचा एकच क्रमांक तीन भिन्न जमिनी दर्शवितो. कोणत्या कक्षेत एकमेव, हा प्रश्न येथे विचारताच येत नाही.

दुसरी मर्यादा चुकीच्या खुलाशाची. नोंद अवैध असल्यास तिच्यात कोणत्या स्थानी दोष आहे हे दर्शविता येते, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु दोषाचे कारण केवळ एका मजकुराच्या रूपाने येते. ते कोणत्या भाषेत हवे हे विचारण्याची, किंवा दोषास ठरावीक सांकेतिक क्रमांक देण्याची तरतूद नाही. महसूल कर्मचाऱ्यास 'आर हा भाग दोन अंकी हवा' असे मराठीत कळणे आणि अभियंत्यास त्याच दोषाची तांत्रिक ओळख पटणे, या दोन्ही गरजा एकाच मजकुराने भागत नाहीत.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. लायब्ररी लिखित रूपापासून मूल्य निर्माण करते, परंतु त्या मूल्याविषयी बाहेरच्यास समानतेखेरीज काहीच विचारता येत नाही. दोन मूल्यांत लहान कोणते, हेही नाही. आता सातबाराची एक मूलभूत अपेक्षा पाहू : सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी असावी. अशा परस्परसंबंधी नियमांसाठी त्याच मानक-मालिकेत स्कीमाट्रॉन ही भाषा आहे. परंतु ती सामान्यतः एक्सपाथच्या आधारे मजकूर वाचते आणि एक्सपाथच्या दृष्टीने '१.२०.००' ही संख्याच नव्हे. ज्या लायब्ररीस त्याचे १२,००० चौरस मीटर हे मूल्य ठाऊक आहे, तिचे ज्ञान तपासनीसाच्या चौकटीतच बंदिस्त राहते. परिणामी बेरीज करणाऱ्यास तेच वाचन पुन्हा, स्वतंत्रपणे लिहावे लागते. एकाच नोंदीचे दोन ठिकाणी दोन अर्थ लागण्याची शक्यता, जी टाळण्यासाठी हा सर्व खटाटोप केला, ती मागील दाराने परत येते.

इंटरफेस लहान ठेवण्याचा निर्मात्यांचा हेतू समजण्यासारखा आहे. सर्व प्रकारांना क्रम नसतो. नावांना लहान-मोठेपणा नाही. तथापि, ज्या प्रकारांना क्रम व परिमाण आहे त्यांच्यासाठी एक ऐच्छिक जोड-इंटरफेस ठेवता आला असता. त्यातून एकक आणि संख्या एवढे जरी बाहेर आले असते, तरी पुरे होते.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात एक्सएमएलची जागा आज काही अंशी जेसनने घेतली आहे. २०२१ पासून प्राप्तिकर विवरणपत्रांच्या ऑफलाइन साधनांतही एक्सएमएलऐवजी जेसन आले. म्हणून हा विषय कालबाह्य झाला असे मानणे चुकीचे ठरेल. जेसनमध्ये संख्या लिहिण्याचे नियम आंतरराष्ट्रीय अंकांनाच ओळखतात, आणि हेक्टर-आरची नोंद तेथेही मजकूर म्हणूनच लिहावी लागते. खुणांची पद्धत बदलली. मूल्य कोणी ठरवावे हा प्रश्न होता तसाच आहे.

विद्यार्थ्यांना तयार स्कीमा देऊन तपासनीस चालवावयास सांगण्यापेक्षा, आपल्या घरच्या उताऱ्यावरील एक क्षेत्र, एक सर्व्हे नंबर व एक दिनांक यांचे माहिती-प्रकार रचावयास सांगणे अधिक फलदायी होईल. वैध काय, मूल्य काय आणि समान काय, हे तीन प्रश्न प्रत्येक नोंदीस वेगवेगळे विचारण्याची सवय त्यातून लागेल. या कामी महसूल जाणणाऱ्यांचे, भूगोलाच्या व मराठीच्या प्राध्यापकांचे साहाय्य घ्यावे लागेल. बहुविद्याशाखीय अभ्यास म्हणतात तो अशाच कामातून आकारास येतो.

समारोप

रिलॅक्स एनजीच्या माहिती-प्रकार इंटरफेसने मूल्याचा निवाडा व्याकरणाच्या हातून काढून जाणकाराच्या हाती दिला, हे त्याचे स्थायी महत्त्व आहे. मराठी अंक, हेक्टर-आर, एकर-गुंठे आणि हिस्सा नंबर यांना केंद्रीय यादीत स्थान मिळण्याची वाट न पाहता त्यांची लायब्ररी लिहिता येते, हे त्यामुळेच शक्य झाले. ओळखीची कक्षा, खुलाशाची भाषा आणि मूल्याचा पुढील वापर या तीन बाबतींत तो अपुरा आहे. त्यांपैकी पहिल्या दोन बाबींवर वळसा घालून मार्ग काढता येतो. तिसरीसाठी मात्र इंटरफेसचाच विस्तार आवश्यक आहे. तो विस्तार करावयाचा झाल्यास त्याची पहिली कसोटी सातबाराच्या क्षेत्राची बेरीज असावी, असे सुचवावेसे वाटते. बारा गुंठ्यांचा हिशेब ज्यास नीट लागतो, त्यास इतर हिशेब जड जाऊ नयेत.